बेबी ऑस्टिनला नायलॉक नट चालतो का? तीन महिन्यांच्या नोंदी

गाडी १९३० ची बेबी ऑस्टिन, म्हणजे ऑस्टिन सेव्हन. ७४७ सीसी, चार सिलिंडर, क्रँकशाफ्टला दोनच बेअरिंग. जागा: माझी शेड, कोल्हापूर. टर्निंगची कामं उद्यमनगरातल्या टर्नर काकांकडे. नायलॉक म्हणजे वरच्या टोकाला आत नायलॉनचं कडं असलेला नट; ते कडं बोल्टाला पकडून धरतं. जुन्या गाडीवर तो टिकतो का, हा प्रयोग कुणाला करायचा असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी वाचावेत, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

१४ जानेवारी

पन्हाळ्याहून उतरताना गाडीच्या पोटातून टक्-टक् आवाज सुरू झाला. वेग कमी केला की थांबायचा. घरी येऊन गिअरबॉक्सवरचं झाकण काढलं. गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टच्या मध्ये कापडी कपलिंगची चकती असते. तिच्या सहा बोल्टांपैकी एकाचा नट गायब, आणि बोल्ट मागे सरकून फ्लँजला (शाफ्टच्या टोकाच्या चपट्या तबकाला) घासत होता. आणखी दहा किलोमीटर गेलो असतो तर शाफ्टनं फळी फोडली असती.

बाकीचे पाच नट पाहिले. मूळचा एकही कॅसल नट नाही. (हा वर खाचा असलेला नट; खाचेतून आणि बोल्टाच्या भोकातून पिन घातली की तो सुटून पडत नाही.) आधी कुणीतरी साधे नट आणि स्प्रिंग वायसर घालून काम उरकलंय. बोल्टांना स्प्लिट पिनची भोकं मात्र तशीच आहेत, रिकामी.

सरळ मार्ग म्हणजे कॅसल नट आणायचे, पिना घालायच्या. पण या गाडीत पिन न घातलेल्या जागाही पुष्कळ आहेत: मडगार्डचे ब्रॅकेट, डायनामोचा पट्टा, बॉडीचे बोल्ट. हे सगळं दर दोन-तीनशे किलोमीटरला सैल होतं. ओळखीतले गॅरेजवाले एकच सांगतात, "नायलॉक टाका, विषय संपला." खरोखर संपतो का, ते आता मला बघायचंच आहे.

१९ जानेवारी

पहिली चूक, पैसे ३४० रुपये.

बाजारातून तीन सुती आणि अडीच सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) नायलॉक नट आणले. तीन सुती दोन आट्यांत अडकला. अडीच सुती मात्र तीन-चार आटे छान चढला, मग घट्ट झाला. मला वाटलं नायलॉन पकडतंय. पान्यानं आणखी फिरवला तर काढताना आट्यांची तार निघून आली.

टर्नर काकांनी बोल्ट हातात घेतला, आट्यांवर गेज टेकवला. "अरं, तीन सुती बीएसएफ म्हंजे इंचाला वीस आटे. तू आणलाईस ते चोवीसचं. बसंल कसं?"

अडीच सुतीत बीएसएफचे, म्हणजे ब्रिटिश बारीक आट्याचे, बावीस आटे, अमेरिकन बारीक आट्याचे चोवीस. फरक इतका थोडा, की सुरुवातीला नट फसवून आत जातो. शिवाय ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६०. नायलॉक साध्या हातानं नायलॉनच्या कड्यापर्यंत गेलाच पाहिजे. त्याआधी घट्ट लागला तर तो चुकीच्या आट्याचा आहे, थांबा.

बीएसएफ आट्याचे नायलॉक इंग्लंडहून मागवले, चाळीस नग. पार्सल आणि कस्टम धरून ५,८०० रुपये. नटापेक्षा पार्सल महाग.

२ फेब्रुवारी

चाचणीचं यंत्र तयार. गाडीवर लावून वाट बघत बसलो तर वर्ष जाईल, म्हणून हे.

जुन्या ग्राइंडरची अर्धा हॉर्सपॉवरची मोटर, १,४४० फेरे. टोकाला काकांनी अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवलेली एक्सेंट्रिक पिन लावून दिली. ती वरची पोलादी पट्टी डावी-उजवीकडे अर्धा-अर्धा मिलिमीटर ओढते, सेकंदाला २४ वेळा. खालची पट्टी बाकड्याला घट्ट. दोन्हींच्या मध्ये भंगार गिअरबॉक्समधल्या सुईरोलरांची रांग, आणि आरपार तपासायचा तीन सुती बोल्ट. बोल्टला आडवी हालचाल देणं महत्त्वाचं. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरनं दाखवून दिलं की नट मुख्यतः आडव्या सरकण्यानं सुटतो, उभ्या धक्क्यांनी तितका नाही. माझं यंत्र त्याच्याच यंत्राची गरिबाघरची आवृत्ती आहे.

बोल्ट किती ताणलाय ते त्याच्या लांबीवरून मोजायचं. दोन्ही टोकांना सेंटर मारून त्यात छर्रे बसवले. साध्या मायक्रोमीटरनं मोजायला गेलो तर एकूण ताणच नऊ काटे, म्हणजे ०.०९ मिलिमीटर. त्यात एखादा काटा चुकला तरी सगळा हिशेब गेला. मित्राकडून एक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) डायल गेज मागून आणला आणि त्याला घोड्याच्या नालेसारखी चौकट केली.

सगळे बोल्ट ३४ न्यूटन-मीटरला आवळले. दहा मिनिटं मोटर चालवली. साधा नट: सुटला नाही. स्प्रिंग वायसर: सुटला नाही. नायलॉक: सुटला नाही. सगळेच पास.

खर्च: टर्निंग १,४००, पट्ट्या ६५०, बेल्ट आणि किरकोळ ३००.

९ फेब्रुवारी

आठवडा वाया. साधा नटही पास होतोय म्हणजे यंत्रच चुकतंय, हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी मात्र तीच चाचणी चार वेळा केली.

आज नटाच्या खाली प्रुशियन ब्लूचा पातळ थर दिला, दोन मिनिटं चालवून उघडलं. निळा रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. म्हणजे नटाखाली काही सरकतच नव्हतं. मी पकड, म्हणजे बोल्टाचं डोकं आणि नट यांच्यातलं अंतर, ६० मिलिमीटर ठेवली होती, मोजायला सोपं पडावं म्हणून. इतका लांब बोल्ट अर्धा मिलिमीटर सहज वाकून घेतो आणि नटाला काही कळतच नाही.

यातून गाडीसाठी कामाची गोष्ट हाती लागली. जिथे जागा असेल तिथे बोल्ट लांब ठेवावा. खाली नळीचा तुकडा घालून लांबवला तरी चालतो. आखूड जाड बोल्ट सर्वांत लवकर सुटतो.

पकड २५ मिलिमीटरवर आणली. आता ताण फक्त ३८-४० मायक्रॉन मिळतो, पण डायल गेजला तो पुरतो.

१६ फेब्रुवारी

या आठवड्याचे आकडे. दर दहा सेकंदांनी मोटर थांबवून मोजलं. प्रत्येक प्रकाराचे तीन-तीन बोल्ट. सुरुवातीचा ताण ३९ मायक्रॉनच्या आसपास.

साधा नट: दुसऱ्या थांब्याला, म्हणजे २० सेकंदांत, शून्य. मिनिटाच्या आत नट बोटानं फिरत होता.

स्प्रिंग वायसर: तेच. एक बोल्ट ३० सेकंद टिकला, दोन २० मध्ये गेले. वायसर पूर्ण दबल्यावर तो चपट्या वायसरसारखाच वागतो. आणि तो पुन्हा उघडतो तेव्हा जोड आधीच सैल झालेला असतो. लहानपणापासून प्रत्येक बोल्टाखाली हा वायसर बघत आलोय. आकडे बघून वाईट वाटलं, पण तिन्ही वेळा तेच आले.

चेकनट, म्हणजे एकावर एक आवळलेले दोन नट: पहिल्यांदा जाड नट खाली आणि पातळ वर लावला, सगळे लावतात तसा. मिनिटभरात गेला. मग पातळ खाली, जाड वर. पातळ नट धरून ठेवून वरचा पूर्ण ताकदीनं आवळला. दोन मिनिटांनंतर ३१ मायक्रॉन शिल्लक. जागा असेल तर चेकनट उत्तम आहे, फक्त क्रम उलटा हवा.

नायलॉक: इथे पुन्हा मी फसलो. टॉर्क रेंच ३४ लाच लावला होता, पण ताण ३३ मायक्रॉनच मिळाला. नायलॉनचं कडं फिरवण्यातच जवळपास पाच न्यूटन-मीटर खर्च होतात. ते वर धरून ३९ ला लावावं लागतं. पुन्हा केलं. पहिल्या मिनिटात ताण ३९ वरून १४ वर आला, दोन मिनिटांना ९. मग तिथेच थांबला. दहा मिनिटं चालवलं, नट जागचा हलला नाही. पण जोड मात्र सैलच, पट्टी हातानं हलवली तर खुळखुळते.

कॅसल नट आणि पिन: याच्याकडून फार अपेक्षा होती. ३९ वरून १२ वर आला आणि थांबला. उघडून पाहिलं, पिन खाचेच्या भिंतीला टेकली होती. मग वहीवर हिशेब केला. तीन सुती बीएसएफचा नट एका फेऱ्यात १.२७ मिलिमीटर चढतो. म्हणजे दहा अंशांत ३५ मायक्रॉन. पिन आणि खाच यांच्यात दहा अंशांची मोकळीक सहज असते, आणि तेवढ्यात जवळजवळ सगळा ताण निघून जातो.

मी हे दोन वेळा तपासलं, कारण मनाला पटत नव्हतं. पिन नट पडू देत नाही, पण जोड आवळून ठेवणं तिच्या हाती नाही. नायलॉकचंही तसंच. नट पडू न देणं आणि जोड आवळलेला ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होतो. नट मागताना यातलं कुठलं काम हवंय, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

२३ फेब्रुवारी

एकच नायलॉक किती वेळा वापरता येतो? पान्याच्या दांड्याला, नटापासून २० सेंटिमीटरवर, भाजीवाल्याकडे असतो तो लटकता डिजिटल काटा अडकवला. नट फिरू लागतो तेव्हा काटा किती किलो दाखवतो ते लिहायचं. पहिल्या वेळी २.५ किलो. दुसऱ्या वेळी १.९. चौथ्या वेळी १.२. सातव्या वेळी ०.७. नववीला मी बोटानं फिरवू शकलो, तो नट टाकून दिला. गाडीवर मी आता तीन वेळांपुढे जाणार नाही.

इंग्लंडचे नट महाग म्हणून एक जुगाडही केला. साध्या नटाचं वरचं टोक व्हाइसमध्ये दाबून किंचित लंबगोल केलं. कारखान्यात असे पूर्ण धातूचे लॉकनट मिळतातच. सहा केले. काट्यावर एकाचे ०.४ किलो, एकाचे ४. तिसऱ्याने बोल्टाचे आटेच कुरतडले, शेवटी दोन्ही करवतीनं कापावे लागले. हातानं दाबून एकसारखा दाब येत नाही. सोडून दिलं. अर्धा दिवस आणि सहा नट गेले.

२ मार्च

कपलिंगवर पहिली बसवणूक, आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती.

जुने बोल्ट चांगल्या पोलादाचे, म्हणून त्यांच्यावरच नायलॉक चढवले. एक परत काढला तर पिनच्या भोकाशी पांढरी बारीक भुस्कटं. लाकडावर रंधा मारल्यावर निघतात तशी, फक्त केसाएवढी. भोकाची धार नायलॉनचं कडं तासत होती. काट्यावर पाहिलं तर एकाच बसवणुकीत नट ०.६ किलोवर आलेला. नवीन नट, दिसायला कोरा, पण पकड संपलेली.

पिनचं भोक असलेल्या बोल्टावर नायलॉक लावायचा नाही. भोकाची धार कानशीनं मोडून पाहिली, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. काकांकडून बिनभोकाचे तीन बोल्ट करून घेतले, ४५० रुपये. लांबीही दोन आटे वाढवली, कारण बोल्टाचं टोक कड्याच्या वर दोन आटे तरी दिसलं पाहिजे. जुन्या लांबीत ते कड्याच्या आतच संपत होतं.

एक फ्लँज: तीन नायलॉक. दुसरा फ्लँज: तीन कॅसल नट आणि नव्या पिना. समोरासमोर बघू. सगळ्यांवर नटापासून बोल्टापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ मारली.

९ मार्च

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही नायलॉक लावून पाहिला, सायलेन्सरच्या पहिल्या क्लँपला. हे करायलाच नको होतं. नायलॉनची मर्यादा साधारण १२० अंशांची. तीस किलोमीटरनंतर कडं पिवळं पडून आत ओघळलं होतं आणि नट हातानं निघाला. मॅनिफोल्डला पितळी नट, जसे होते तसे. ते गंजून चिकटत नाहीत हाच त्यांचा मोठा गुण.

नायलॉनची घोषणाच १९३८ ची आहे. ही गाडी बनली तेव्हा तिच्या इंजिनियरांपुढे हा पर्यायच नव्हता. म्हणून त्यांनी पिन, लॉकिंग पत्रा आणि तार वापरली. या तिन्ही गोष्टी तापमानाला घाबरत नाहीत.

१६ मार्च

आट्यांत लावायचा चिकट द्रव, लोकटाइट २४३, मध्यम ताकदीचा निळा. यंत्रावर दोन मिनिटांनंतर ३९ पैकी ३५ मायक्रॉन शिल्लक. सगळ्या प्रकारांत पहिला नंबर याचा.

पण पहिल्या दिवशी हा साफ नापास झाला होता. बोल्ट फक्त फडक्यानं पुसले होते, आट्यांत जुनं तेल तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळीही द्रव ओलाच. मग पेट्रोलनं धुतले, वर क्लीनर मारला, वाळू दिले आणि चोवीस तास हात लावला नाही. तेव्हा कुठे वरचा आकडा आला.

गाडीवर याची जागा: ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये घुसणारे स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट). तिथे नटाबरोबर अख्खा स्टडच फिरून बाहेर येतो, ती कटकट संपली. जिथे पुढे वरचेवर उघडायचंय तिथे मी लावणार नाही.

२३ मार्च

इंजिन खाली उतरलेलंच होतं, म्हणून बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो त्या टोकाच्या नटांचा, निर्णय आज.

कॅसल नट आणि पिन, तशाच ठेवल्या. माझ्या यंत्रावर पिनवाला नट १२ मायक्रॉनवर घसरला होता, तरीही. कारण कनेक्टिंग रॉडचा बोल्ट भोकात नीट बसलेला असतो, टोपी आडवी सरकतच नाही. माझ्या यंत्रावर मी मुद्दाम सरकवत होतो. सरकणं थांबवलं की ताण टिकतो, आणि पिन शेवटचा पहारेकरी म्हणून उभी राहते. तिथे तापलेलं तेल उडतं, आत हात जात नाही, आणि नट पडला तर ब्लॉक फुटतो. अशा जागी डोळ्यांना दिसणारी पिन हवी.

खाच आणि भोक जुळत नव्हतं. आवळून झाल्यावर भोक खाचेच्या थोडं पुढे. मागे घेऊन जुळवणं सोपं, पण ते करायचं नाही. दहा अंश मागे म्हणजे काय होतं ते मी मोजलंय. काचेवर पॉलिश पेपर ठेवून नटाचा तळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासला, दर वीस घासांनी बसवून बघत. चार नटांना दीड तास लागला. शेवटचा नट हवा तेवढा आवळून खाच बरोबर भोकावर आली तेव्हा फार बरं वाटलं. पिना सगळ्या नव्या. जुनी पिन सरळ करून परत घातली तर वाकलेल्या जागी तुटते.

ब्रेकच्या दांड्या आणि स्टिअरिंगचे सांधे: इथेही पिनच. या जागी बोल्ट स्वतः फिरतो, सांध्याबरोबर वळतो. विमानांच्या देखभालीत जुना नियम आहे, की बोल्ट फिरणार असेल तर स्वतः पकडणारा नट एकट्याच्या भरवशावर लावायचा नाही. फिरणारा बोल्ट नटाला हळूहळू बाहेर ढकलतो. भाच्यानं समोरच्या ब्रेकला एक नायलॉक लावून ठेवला होता. तो काढून त्याला यंत्रापाशी बसवलं आणि सगळं दाखवलं.

१३ एप्रिल

गाडीवर ४१० किलोमीटर. त्यात राधानगरीची एक फेरी, रस्ता चांगला तसा वाईटही.

कपलिंग: पहिल्या ८० किलोमीटरमध्येच कापडी चकती दबली, दोन्हीकडचे जोड किंचित सैल. नट एकही हलला नाही, पांढऱ्या रेघा जुळलेल्या. इथे नायलॉक सरस ठरला. मऊ चकतीत ताण टिकतच नाही, त्यामुळे ताणाशिवाय जागेवर थांबणारा नटच हवा. पुन्हा आवळताना नायलॉक हवा तेवढा, बोटभरही, फिरवता आला. कॅसल नटाची पिन काढा, पुढच्या खाचेपर्यंत फिरवा, ती फार घट्ट होते म्हणून परत घासा, हे करत बसावं लागलं. दुसरा फ्लँजही आता बिनभोकाच्या बोल्टांवर नायलॉकचाच करतोय. दर हजार किलोमीटरला झाकण उघडून रेघा बघायच्या.

बॉडीचे बोल्ट, खाली रबराचा किंवा लाकडाचा थर: नायलॉक. तेच कारण. एकही सैल नाही.

डायनामोचा पट्टा: उलट्या क्रमाचा चेकनट. ठीक.

मडगार्डचे ब्रॅकेट: चारपैकी दोन सैल. नायलॉक जागेवर, रेघ जुळलेली, तरी ब्रॅकेट खुळखुळतंय. उघडून पाहिलं तर नटाखाली रंगाची गोल चकती चेपून बाहेर आलेली, कडेला सुरकुत्या. प्रायमर, दोन हात रंग, वर लॅकर, आणि चॅसिसच्या बाजूलाही तेवढेच थर. आवळताना मी पोलादाला नाही, रंगाला आवळत होतो. रंग दबला, ताण गेला.

उद्या चारही ब्रॅकेटच्या बोल्टाभोवती रुपयाएवढी जागा पोलादापर्यंत खरवडायची, गंज लागू नये म्हणून ग्रीसचा हात, आणि नवे नट. हे नट तिसऱ्यांदा निघालेत.

एकूण खर्च आजपर्यंत ११,२०० रुपये, त्यातले अंदाजे दोन हजार चुकांचे. कामाचे दिवस २३.